हातचा

चिआतुरात त्या वर्षी मार्च सरला तरी बर्फ होतं,
खाणीची पूड बसून राखाडी झालेलं.
माझं काम वहीत लिहायचं:
कप कुठल्या हातात, कॉलरचं कितवं बटण उघडं,
मेणबत्ती किती बोटं जळली,
म्हणजे उद्या पुन्हा हाच आज उभा करता येईल.

ओतियाला बोलायचा कंटाळा.
लामाराला विचारल्याशिवाय पाऊल टाकवत नसे.
ही जोडी कुणी जमवली, देव जाणे.
सहा चित्रपट त्यांनी असेच काढले,
एकमेकांना शिव्या देत, एकमेकांच्या ताटातलं खात.

दृश्य बेचाळीस. स्वयंपाकघर.
खिडकीबाहेर रोपवेची तार.
खाणीचा भोंगा अवेळी वाजतो,
बाई चहा पीत बसलीय. एवढंच.

पहिल्या टेकला ती दचकली.
ओतिया म्हणाला, पुन्हा.
चौथ्याला डोळ्यांत पाणी आणलं, खरंखुरं,
लाइटवाला तमाझ तोंड फिरवून उभा राहिला.
ओतिया म्हणाला, पुन्हा.
नवव्याला तिने काहीच केलं नाही.
"फार छान काहीच केलं नाहीस," तो म्हणाला,
"टाळ्या पडतील. पुन्हा."

मग मात्र ती कडाडली.
"नको काय ते सांगतोस, हवं काय ते कधी सांगणार?
मी काय खाण आहे तुझी, नुसती खणत राहायला?"
वीज गेली होती, रोपवेचा डबा दरीच्या मधोमध लटकलेला,
आतल्या दोन बायका काचेला नाक लावून
आमचं भांडण बघत होत्या.

ओतिया बराच वेळ चष्मा पुसत राहिला.
मग तिच्याजवळ गेला,
मी कपाची जागा बघायला वाकले होते म्हणून मला ऐकू आलं,
"मला माहीत नाही, लामारा.
माहीत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

तिने त्याच्याकडे पाहिलं,
वीस वर्षं शोधलेली किल्ली
आपल्याच खिशात होती असं कबूल करणाऱ्या नवऱ्याकडे
बायको बघते, तसं.

वीज आली. डबा हलला. टेक दहा.
भोंगा.
तिने कप उजव्या हातातून डाव्यात घेतला
आणि मोकळा झालेला तळवा
टेबलावर पालथा ठेवला,
जणू टेबल उठून चालू लागेल.

कुणी कट म्हणेना.
रीळ संपेपर्यंत कॅमेरा फिरत राहिला.

मी वही घेऊन धावले. "हात चुकला!
पुढचा शॉट कालच झालाय, त्यात कप उजव्यात आहे.
जुळायचं नाही."
ओतियाने माझ्या कानामागची पेन्सिल काढून घेतली.

आता ओतिया नाही.
लामारा गेली त्यालाही चार हिवाळे झाले.
परवा त्बिलिसीहून फोन आला,
जुन्या प्रती दुरुस्त करणारा कुणी सांद्रो, आवाजावरून पोरसवदा:
"मावशी, बेचाळीसमध्ये एक चूक राहिलीय.
कप पापणी लवायच्या आत हात बदलतो.
कॉम्प्युटरवर बसवून टाकू? कुणाला कळणारही नाही."

मी ट्रंकेतून वही काढली.
माझं गोल अक्षर: कप – उजवा.
त्यावर आडवी रेघ,
बाजूला त्याचं तिरकं, घाईतलं:
डावा. हा तिचा.

शाळेत बेरीज शिकवताना बाई सांगायच्या,
खाली मांडून उरतो तो हातचा,
विसरू नकोस, पुढच्या घरात मिळवायचा असतो.
मी चाळीस वर्षं सगळं खालीच मांडत आले,
प्रत्येक बटण, प्रत्येक बोटभर मेण.

"राहू दे," मी म्हटलं.
"पण कागदावर कारण द्यावं लागतं, मावशी. काय लिहू?"

फोनमध्ये नुसती खरखर.
मी वही मिटली.

"लिही,
पुन्हा नको."